खंडनमंडन आणि दक्षिणेचा हिशेब

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. सक्तीची धर्मांतरे आणि तथाकथित 'लव्ह जिहाद' यांना आळा घालण्यासाठी कोणता कायदा करावा, हे या समितीने सुचवावयाचे होते. धर्माविषयीच्या वादात तज्ज्ञ म्हणून पहिला मान पोलिसांना मिळावा, ही गोष्ट या राज्याच्या परंपरेत बसत नाही. ज्या भूमीत धर्मवाद भर सभेत, पुस्तकांच्या पानांवर आणि समुद्राच्या वाळूवर झाले, तेथे आता त्यांची जागा ठाण्यातल्या दप्तरात शोधली जात आहे. डाव्या चळवळीतील अनेक कार्यकर्तेही या प्रश्नाला हात घालताना अडखळतात. एकीकडे सभा घेऊन इतरांच्या देवांना खोटे ठरवणारा प्रचारक असतो, दुसरीकडे त्याची सभा उधळणारा जमाव. यांपैकी कोणाचीच बाजू मनापासून घेता येत नाही, म्हणून गप्प बसावे अशी वृत्ती बळावते. जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांचा इतिहास पाहिला तर या अडखळण्याचे कारण उरत नाही.

परधर्माच्या पंडिताला आव्हान द्यावे, त्याच्याच ग्रंथांतील विसंगती त्याला दाखवावी आणि आपल्या धर्माचे सत्यत्व तर्काने सिद्ध करावे, हा उद्योग मराठी मुलखात पद्धतशीरपणे सुरू केला तो स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी. १८२९ साली ते मुंबईस आले. मराठी शिकले, संस्कृत शिकले, आणि दोनच वर्षांत, फेब्रुवारी १८३१ मध्ये, मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. अवतारांचे चरित्र नीतीच्या कसोटीला उतरते काय, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. मोरभटांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. विल्सन यांनी १८३२ साली त्याचे खंडन छापले. साताऱ्याच्या नारायणरावांनी प्रत्युत्तर दिले, त्यालाही १८३४ साली उत्तर निघाले. हिंदूंवरच ते थांबले नाहीत. इस्फहानच्या हाजी महंमद हाशिम यांच्याशी त्यांचा इस्लामविषयी वाद झाला, आणि १८४३ साली पारशी धर्मावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेले होते आणि सारी मुंबई ढवळून निघाली होती.

या वादांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मराठी गद्याला तर्कशुद्ध मांडणीची सवय लागली त्यात त्यांचा वाटा आहे. प्रतिपक्षाचे पुस्तक वाचल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही, हा दंडक त्यांनी घालून दिला. आजच्या धर्मरक्षकांपैकी कितीजण परधर्माचा एक तरी ग्रंथ मूळ भाषेत वाचतात? मोरभट आणि विल्सन यांनी एकमेकांना शत्रू मानले असेल, परंतु एकमेकांचे ऐकून घेतले. सभा उधळणे हे दोघांनाही पराभवासारखेच वाटले असते.

तथापि या साऱ्या ग्रंथसंभारात एक प्रश्न कोठेही सापडत नाही. धर्माचा खर्च कोण करतो आणि तो कोणाच्या घरी जातो, हा तो प्रश्न. ईश्वर सगुण की निर्गुण, पापाचे क्षालन कोणत्या मार्गाने, अवतार एक की दहा, यांवर शेकडो पाने खर्ची पडली. बारशापासून तेराव्यापर्यंत कुणब्याच्या घरातून जे धान्य, वस्त्र आणि रोकड बाहेर पडत होती तिचा जमाखर्च कोणीही मांडला नाही.

तो मांडला गेला जुन्नर तालुक्यात.

या मुलखाला धर्माचे वैविध्य नवे नव्हते. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत, आणि तेथील शिलालेख कोणाही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोहात पाडतील असे आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने भिक्षूंसाठी लेणे आणि पाण्याची पोढी खोदवून दिल्याची त्यांत नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून दान चालवल्याचे उल्लेख आहेत. तीन देणगीदार स्वतःला 'यवन' म्हणवतात. त्यांपैकी एकाने पाण्याच्या पोढ्या दिल्या, एकाने भोजनमंडप दिला. पुढे याच लेण्याद्रीच्या एका विहारात गिरिजात्मज गणपती विराजमान झाला. ओतूरला तुकोबांचे गुरू मानल्या जाणाऱ्या बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. जुन्नर शहरात मशिदी आणि दर्गे आहेत. चर्च मिशनरी सोसायटीनेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास जुन्नरला आपले ठाणे मांडले. (विल्सन स्वतः १८४८ साली लेण्यांच्या अभ्यासासाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष झाले. परधर्माचे खंडन करणारा पंडित त्याच परधर्माच्या अवशेषांचा राखणदार बनला, हा इतिहासाचा गोड विनोद म्हटला पाहिजे.)

मिशनऱ्यांचा उपदेश येथल्या शेतकऱ्यांनी ऐकला असेल, पण जुन्नर परिसरात ख्रिस्ती वस्ती फारशी वाढली नाही. तर्काने देव बदलण्याची निकड कुणब्याला भासली नाही. त्याला निकड होती ती वेगळ्याच गोष्टीची. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि देव व भक्त यांच्यामध्ये दलाल नको, हा विचार गावोगाव नेला. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. मिशनऱ्यांची टीका त्यांनी पचवली होती, परंतु तिचे फळ म्हणून बाप्तिस्मा घेतला नाही. मिशनऱ्याने विचारले होते, तुझा देव खरा कशावरून? जोतीरावांनी विचारले, तुझ्या देवाच्या नावाने पैसे कोण घेतो? पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी शास्त्री लागतो. दुसऱ्याचे उत्तर ज्याच्या कणगीतून धान्य गेले तोच देऊ शकतो.

ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८० च्या दशकात ब्राह्मणाला न बोलावता सत्यशोधक पद्धतीने घरचे लग्नकार्य केले. गावजोशांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे साधे होते: जोशीपण हे वतन आहे, मालमत्ता आहे, गावातील प्रत्येक लग्नाची दक्षिणा हे त्या मालमत्तेचे उत्पन्न आहे, तेव्हा यजमानाने बोलावो अथवा न बोलावो, पैसे मिळालेच पाहिजेत. येथे धर्माचा सारा बुरखा गळून पडतो. लग्न वैदिक झाले की अवैदिक, वधूवरांचे कल्याण होईल की अकल्याण, यांविषयी फिर्यादीचे काही म्हणणे नाही. कुळाने खंड बुडवला तर जमीनदार जसा कोर्टात जातो, तसा जोशी गेला. इंग्रज सरकारची न्यायालयेही पूर्वीच्या दाव्यांत जोशीवतनाला मालमत्ता मानत आलेली होती.

प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले आणि अखेर पाटलांची बाजू उचलून धरली गेली. ब्राह्मणाला न बोलावता लग्न लावण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य झाला. परंतु यजमानाने दुसरा पुरोहित बोलावला तर गावजोशाच्या हक्काचे काय, हे भांडण पुढेही चालू राहिले. त्याचा निकाल लावण्यासाठी सी. के. बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई कायदेमंडळात १९२६ साली कायदा व्हावा लागला. ओतूरपासून तेथवर पोचायला सुमारे चाळीस वर्षे लागली. या चाळीस वर्षांत महाराष्ट्रात धर्मावर जेवढी व्याख्याने झाली असतील, त्या सर्वांपेक्षा धर्माचे स्वरूप उघड करण्यात ओतूरच्या त्या एका दाव्याचे काम मोठे आहे.

याच प्रदेशात, आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या केंगले या कोळी आदिवासी तरुणाने १८७३ ते १८७६ या काळात सावकारांविरुद्ध बंड केले होते. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक सावकारांनी त्या बंडात नाक गमावले. हिंसेचे समर्थन कोणी करू नये. पण कर्ज, खत आणि व्याज हीच ज्या डोंगरी माणसाची पोथी होती, त्याच्यापुढे सगुण-निर्गुणाचा वाद काय बोलणार होता?

या संदर्भात विष्णुबावा ब्रह्मचारी यांची आठवण अटळ आहे. सन १८५७ च्या पहिल्या पाच महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्याला त्यांचे मिशनऱ्यांशी वाद होत आणि शेकडो लोक ते ऐकायला जमत. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने ते वाद इंग्रजीत छापून प्रसिद्ध केले. पुढे ते मराठीतही निघाले. वैदिक धर्माचा कैवारी म्हणून विष्णुबावांचे नाव झाले. याच विष्णुबावांनी १८६७ साली 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. साऱ्या प्रजेचे एक कुटुंब मानावे, जमीन सर्वांची असावी, पीक गावोगावच्या कोठारांत साठवावे आणि ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने न्यावे, अशी त्यात मांडणी आहे. मार्क्सच्या 'भांडवला'चा पहिला खंड त्याच वर्षी जर्मनीत निघाला. बावांना त्याची गंधवार्ता असण्याचा संभव नाही. वाळूवरच्या वादांना गर्दी झाली, निबंध मात्र अभ्यासकांच्या कपाटात राहिला. समाजाने आपल्या एका विचारवंताकडून काय घेतले आणि काय टाकले, याचा हा नमुना आहे. परधर्मीयाला निरुत्तर करणारा बावा हवा होता. जमिनीची मालकी विचारणारा नको होता.

मिशनऱ्यांच्या बाजूलाही हाच धडा आहे. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम दीर्घकाळ चालले होते. तेथे दलित समाजातून मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले ते प्रामुख्याने १८७६-७८ च्या दुष्काळानंतर. वादांनी जे झाले नाही ते दुष्काळात मिळालेल्या धान्याने, शाळेने आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला शेजारी बसवून घेण्याने झाले. यावर 'पोटासाठी बाटले' असा शेरा मारण्याची जुनी खोड आहे. पोटासाठी धर्म सोडणे लाजिरवाणे असेल, तर पोटासाठी धर्म चालवणाऱ्या गावजोशाला काय म्हणावे? महाराला विहिरीवर पाणी न भरू देणाऱ्या गावाला त्याच्या धर्मांतराचा जाब विचारण्याचा अधिकार उरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्याला घोषणा केली तेव्हा अनेक धर्मांचे प्रतिनिधी त्यांच्या दारी आले. त्यांनी एकवीस वर्षे वाचन केले, चिकित्सा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपला निर्णय आपणच घेतला. त्यांना कोणी जिंकले नाही की फितवले नाही.

आज खंडनमंडनाचा व्यवसाय पुन्हा तेजीत आहे. प्रत्येक धर्माने आपापले वाग्युद्धपटू तयार केले आहेत. डॉ. झाकीर नाईक यांनी १९९१ साली मुंबईत स्थापन केलेल्या संस्थेने इतर धर्मांच्या ग्रंथांतील चुका दाखवून टाळ्या घेण्याची पद्धत रूढ केली. २०१६ साली तिच्यावर बंदी आली. ख्रिस्ती बाजूला मद्रासमध्ये जन्मलेले रवी झकरायस यांनी १९८४ साली उत्तर अमेरिकेत संस्था काढली आणि विद्यापीठांतून फिरून प्रत्येक शंकेला उत्तर देण्याचा विडा उचलला. ते २०२० साली वारले. पुढच्याच वर्षी, संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत त्यांनी अनेक स्त्रियांशी केलेले लैंगिक दुर्वर्तन उघड झाले. त्यांच्या हयातीत एका स्त्रीने तक्रार केली होती, तेव्हा संस्था त्यांच्याच पाठीशी उभी राहिली होती. जगातल्या नास्तिकांच्या शंकांना उत्तर देणाऱ्या संस्थेजवळ एका बाईच्या तक्रारीला उत्तर नव्हते. हा दोष एका धर्माचा नाही. आपल्याकडच्या बाबा-महाराजांच्या खटल्यांची यादी पाहिली तर कोणीही दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. दुसऱ्याच्या धर्माची कठोर चिकित्सा करणारा आपल्या मठाची तिजोरी आणि अंतःपुर चिकित्सेबाहेर ठेवतो, एवढेच यातून दिसते.

मग अशा प्रचारकांवर बंदी घालावी काय? जोतीरावांच्या चरित्रात याचे उत्तर आहे. १८७५ साली स्वामी दयानंद पुण्यात आले तेव्हा सनातन्यांनी त्यांच्या मिरवणुकीविरुद्ध गाढवाची मिरवणूक काढून धिंगाणा घातला. वेदांचे प्रामाण्य जोतीरावांना मुळीच मान्य नव्हते. तरीही रानडे यांच्या सांगण्यावरून ते आपले सत्यशोधक अनुयायी घेऊन दयानंदांच्या संरक्षणासाठी मिरवणुकीत चालले. आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एकाच घरातील बाई बौद्ध, तिचा नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी होऊन सर्वांनी प्रेमाने एकत्र नांदावे, असे चित्र त्यांनी रंगवले. ज्या घराची कल्पना जोतीरावांनी केली त्या घरावर, इतर राज्यांसारखा कायदा येथे लागू झाला तर, चार वेगवेगळे गुन्हे नोंदवता येतील.

घटना समितीत धर्माच्या 'प्रचारा'चा हक्क ठेवावा की नाही यावर खडाजंगी झाली आणि विचारपूर्वक तो पंचविसाव्या कलमात ठेवला गेला. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली सक्ती, आमिष व फसवणूक यांविरुद्ध कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लाउस खटल्यात ते वैध ठरवले. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सक्ती आणि फसवणूक यांना शिक्षा व्हावी याविषयी दुमत नाही. पण उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश यांच्या २०२१ च्या कायद्यांनी धर्म बदलू इच्छिणाऱ्या माणसाने साठ दिवस अगोदर जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवले पाहिजे, असे ठरवले. म्हणजे प्रचारकाच्या तोंडाबरोबर ऐकणाऱ्याच्या विवेकालाही परवाना लागला. आणि 'आमिष' म्हणजे काय? फुकट शाळा, औषध आणि दुष्काळातले धान्य हे आमिष असेल, तर ते देण्याची जबाबदारी ज्या शासनाने टाळली त्याचा गुन्हा कोणत्या कलमात बसवणार?

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर समाजांपुढे मात्र याहून मोठे संकट उभे आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. धर्मांतर केलेल्या आदिवासींची नावे अनुसूचित जमातींच्या यादीतून काढावीत, ही 'डीलिस्टिंग'ची मागणी देशभर रेटली जात आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. जमातींच्या बाबतीत घटनाकारांनी अशी अट घातलेली नाही. वरवर पाहता ही मागणी नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या यांच्यापुरती वाटते. तिचा खरा दात जमिनीत रुतलेला आहे. महाराष्ट्रात १९७४ पासून आदिवासीची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकत घेता येत नाही. ज्याचे आदिवासीपण कागदावरून पुसले गेले त्याच्या जमिनीचे हे कुंपणही गेले. डोंगरउतारावर, धरणाच्या कडेला, पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांना बंगले हवे असताना त्या जमिनीचे काय होईल हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आणि एकदा कुंपणाला भगदाड पडले की शेजारचा हिंदू आदिवासीही सुरक्षित राहणार नाही. कोणाच्या घरात कोणती प्रार्थना होते, हे सिद्ध करण्याचे काम मग गावगुंड आणि जमिनीचे दलाल मिळून करतील.

या पट्ट्याने अशा हिशेबाचा अनुभव घेतलेला आहे. कुकडी प्रकल्पातील डिंभे धरणाखाली ज्या गावाच्या नावावरून तालुका ओळखला जातो ते आंबेगावच बुडाले. पाणी कालव्याने शिरूर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत गेले. काठावरच्या आदिवासी पाड्यांची तहान उरली. त्या बुडितातून लोकांनी जे काही परत मिळवले ते संघटनेच्या बळावर मिळवले. 'शाश्वत' संस्थेच्या साथीने धरणग्रस्त आदिवासींनी जलाशयात मासेमारीचा सहकारी हक्क मिळवला आणि त्या कामाची संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या इक्वेटर पुरस्काराने दखल घेतली गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे उन्मळून पडली, तेव्हा भरपाईसाठी किसान सभेने मोर्चे काढले. शासनाच्या पंचनाम्याच्या नमुन्यात आंबा होता, काजू होता. हिरडा मात्र आदिवासींना भांडून घालावा लागला. त्या मोर्चांत कोणी कोणाचा देव विचारल्याचे ऐकिवात नाही.

पश्चिम पट्ट्यातल्या एखाद्या वाडीत उद्या प्रार्थनासभेवरून तंटा उभा राहिला, तर पक्षाच्या कार्यकर्त्याने तेथे दोन कामे घेऊन जावे. सभा घेणाऱ्याला संरक्षण मिळावे, तो कोणत्याही देवाला खोटे म्हणत असला तरी. आणि त्याला उत्तर देणाऱ्यालाही बोलू द्यावे, दगड हातात न घेता. दुसरे काम सातबाऱ्याचे आहे. वाडीतल्या प्रत्येक खातेदाराचा उतारा, वनहक्काचा दावा आणि जातीचा दाखला तपासून घ्यावा, ज्यांचे दावे प्रलंबित आहेत त्यांची यादी घोडेगावच्या आणि जुन्नरच्या कचेरीत द्यावी, आणि गेल्या काही वर्षांत कोणत्या जमिनींची विसारपावती कोणाच्या नावाने झाली आहे, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.